नेफा, घेर आणि इलॅस्टिक : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात इलॅस्टिकच्या कमरेच्या साध्या स्कर्टविषयी लिहिले होते. पुढचा आणि मागचा असे दोनच भाग, बाजूच्या दोन शिवणी, वर दुमडून केलेला नेफा, त्यात 1 इंच रुंदीचे इलॅस्टिक आणि खाली 2 इंचांची दुमड, एवढेच त्याचे काम. चेन, हुक किंवा काज यांपैकी काहीही नसल्यामुळे कागदी पॅटर्नवरून शिवायला शिकणाऱ्यांनी याच वस्त्रापासून आरंभ करावा, असे मी सुचवले होते. त्यावर आलेल्या पत्रांतून काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे वाचताना लक्षात आले, की बहुतेक अडचणींचे मूळ कापड कात्रीखाली येण्याआधीच पडलेले आहे. म्हणून या वेळी मापे, कागद आणि कापड यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : इंटरनेटवरून उतरवलेला पॅटर्न मी झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. माझी कंबर 32 इंच आणि नितंबांचा घेर 40 इंच आहे आणि पॅटर्नच्या तक्त्यात नेमका हाच साइझ होता. तरीही शिवून झालेला स्कर्ट नितंबांपाशी अडतो. कापड वाया गेले असे समजावे का? पहिल्या पानाचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : छायाचित्र पाठवलेत हे फार बरे केलेत, कारण उत्तर त्यातच आहे. पानाच्या कोपऱ्यात एक चौकोन छापलेला असून त्यात '4 इंच' असे लिहिले आहे, आणि आपण त्यावर ठेवलेली पट्टी पावणेचार इंच दाखवते. दुकानातील यंत्राने पान कागदात बसवण्यासाठी सगळेच आकार सोळाव्या हिश्श्याने लहान केले. तक्त्याप्रमाणे तयार स्कर्टचा घेर 43 इंच यायला हवा होता, म्हणजे आपल्या मापापेक्षा 3 इंच सैल. छपाईत तो 40 इंचांच्या जेमतेम वर राहिला. ज्या स्कर्टला चेन नसते त्याची वरची कड सबंध नितंबांवरून सरकावी लागते, त्यामुळे 40 इंचांच्या शरीरावर 40 इंचांचे कापड चढत नाही. लांबीही त्याच प्रमाणात घटली असेल, म्हणजे 28 इंचांऐवजी सव्वासव्वीस इंच भरेल, तेही तपासून पाहावे.

पुढच्या वेळी छापायला देताना '100 टक्के' किंवा 'अ‍ॅक्चुअल साइझ' असे स्पष्ट सांगावे, आधी केवळ तो चौकोन असलेले पान काढून घ्यावे, दुकानातच पट्टीने मोजावे आणि मगच उरलेली पाने छापू द्यावीत. पाने जोडून झाली, की वह्यांना घालायच्या खाकी कागदावर आपल्या साइझची रेघ उतरवून घ्यावी. मुंबईच्या पावसाळी हवेत चिकटपट्टीने जोडलेले पातळ कागद दोन आठवड्यांत कडा वळवतात, खाकी कागद मात्र अनेक वर्षे टिकतो.

आणखी एक तपासणी करावी. पॅटर्नमध्ये शिवणीसाठीची जागा धरलेली आहे की नाही, हे सूचनांमध्ये लिहिलेले असते. अमेरिकी पद्धतीच्या बहुतेक पाकिटबंद पॅटर्नमध्ये ती प्रत्येक कडेला पाच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर, धरलेली असते. 'बुर्डा' या जर्मन मासिकातील पॅटर्नमध्ये ती धरलेली नसते आणि आपण स्वतः वाढवायची असते. दोन बाजूंच्या शिवणी म्हणजे चार कडा, आणि चार कडांचे मिळून अडीच इंच होतात. ही एक ओळ वाचायची राहिली, तर तेवढा घेर जातो.

कापड वाया गेलेले नाही. नेफा उसवून इलॅस्टिक काढावे, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवाव्यात आणि प्रत्येक बाजूला अडीच इंच रुंदीची, स्कर्टच्या पूर्ण लांबीची पट्टी अर्धा-अर्धा इंच शिवणीत घेऊन जोडावी. प्रत्येक पट्टी दीड इंच देईल, एकूण घेर 3 इंचांनी वाढेल. त्याच रंगाचे कापड मिळेलच असे नाही, म्हणून जुळवण्याच्या मागे न लागता वेगळ्याच रंगाची पट्टी घ्यावी. बाजूने सरळ उतरणारी गडद पट्टी मुद्दाम योजल्यासारखी शोभते.

प्रश्न : कापड किती आणि कोणते घ्यावे? दुकानदार 'दोन मीटर घ्या, बाई' असे म्हणाला. माझी कंबर 34 इंच, नितंबांचा घेर 42 इंच आहे आणि मला 28 इंच लांबीचा स्कर्ट हवा आहे. (एक वाचक, परळ)

उत्तर : 'दोन मीटर' हे दुकानदाराचे उत्तर येथे चुकलेले नाही, परंतु ते कुठून आले हे आपल्याला समजले, की पुढे कोणत्याही स्कर्टचा हिशोब आपणच मांडू शकाल. 28 इंच लांबीत नेफ्यासाठी दीड इंच आणि खालच्या दुमडीसाठी 2 इंच मिळवले, की साडेएकतीस इंच होतात. 44 इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडात एक भाग आडवा पूर्ण पन्हा घेतो, म्हणून दोन भागांना 63 इंच, म्हणजे सुमारे 160 सेंटिमीटर लागतात. त्यात आटण्यासाठी आणि कापलेली कड सरळ करून घेण्यासाठी जागा ठेवली, की पावणेदोन ते दोन मीटर होतात. शिवणी वजा जाऊन घेर सुमारे 85 इंच राहील, म्हणजे आपल्या नितंबांच्या मापाच्या दुप्पट. हलक्या मलमलीला किंवा कॅम्ब्रिकला हा घेर शोभतो. जाड कापडाला तो कमरेवर फुगवटा देतो, त्यामुळे तेथे दीडपट, म्हणजे 63 इंचांच्या आसपास, पुरेसा आहे. 58 इंच पन्ह्याचे कापड मिळाले, तर एकाच पन्ह्यात पुढचा आणि मागचा दोन्ही भाग 29 इंचांचे बसतात आणि एक मीटरच्या आत काम होते. मात्र मग घेर 55-56 इंचांवरच थांबेल. तो चालण्यासारखा आहे, परंतु चुण्या बेताच्याच पडतील. उभ्या दिशेची नक्षी असेल, म्हणजे फुलांचे देठ सगळे एकाच बाजूला असतील, तर दोन्ही भाग त्याच दिशेने कापावे लागतात आणि नक्षी जुळवायला पाव मीटर अधिक घ्यावे.

पहिल्या स्कर्टसाठी मध्यम जाडीचे सुती कापडच घ्यावे. पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक बोटाखाली सरकत नाही, इस्त्रीने घडी धरते आणि उसवून पुन्हा शिवले तरी छिद्रे फारशी दिसत नाहीत. रेयॉन अंगावर सुंदर पडते, परंतु ते कात्रीखाली निसटते आणि ओले असताना अशक्त होते, म्हणून ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्कर्टसाठी राखून ठेवावे. आपण परळला राहता, तेव्हा हिंदमाताचा कापडबाजार जवळच आहे. मंगळदास मार्केटला जाणार असाल, तर एका फेरीत कापड आणि भुलेश्वरला जाऊन इलॅस्टिक, दोरा अशी दोन्ही कामे होतात. दुकानात कापडाचा पन्हा टेपने मोजून घ्यावा. 44 म्हणून सांगितलेला पन्हा किनारी वगळून 42 इंचच भरतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

आणि कापड धुतल्याशिवाय कापू नये, ही माझी सर्वांत आग्रहाची विनंती आहे. मागावर आणि नंतरच्या प्रक्रियेत धागे ओढलेल्या स्थितीत राहतात. पहिल्यांदा पाणी लागले की ते सैल होऊन आपल्या मूळ लांबीकडे परततात, आणि उभे धागे आडव्यांपेक्षा अधिक ताणलेले असल्यामुळे आटही बहुधा उभीच येते. 4 टक्के आट म्हणजे साडेएकतीस इंचांच्या भागात सव्वा इंच. माझ्या भाचीसाठी शिवलेला एक निळा स्कर्ट मी घाईने, न भिजवता कापला होता. तिने तो एका समारंभात घातला, दुसऱ्या दिवशी धुतला, आणि वाळल्यावर तो गुडघ्याच्या वर गेला. खालची दुमड उघडून मी त्याला पुन्हा लांबी दिली, परंतु जुन्या घडीची पांढुरकी रेघ शेवटपर्यंत गेली नाही. तेव्हापासून घरात आलेले सुती कापड आधी बादलीत जाते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, न पिळता दोरीवर सरळ वाळत घालावे आणि किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी. पावसाळ्यात घरात वाळवताना दोन दिवस लागले, तरी थांबावे.

प्रश्न : आमच्या चाळीतील टेलरकाका कागदी पॅटर्न कधीच वापरत नाहीत, ते थेट कापडावर खडूने आखतात. मग आपण पॅटर्नच्या मागे का लागावे? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : आपले टेलरकाका जे करतात ते पॅटर्नच आहे, तो कागदावर नसून त्यांच्या हातात आहे. 'सीट (नितंबांचा घेर) भागिले चार, अधिक सैलाई, अधिक शिवण' हे गणित त्यांनी इतक्या वेळा केलेले असते, की खडू स्वतःहून वळतो. ज्यांच्याकडे ती वर्षे नाहीत त्यांच्यासाठी ते गणित आधीच करून, निरनिराळ्या मापांत आखून देणारी गोष्ट म्हणजे कागदी पॅटर्न. अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने 1863 साली वेगवेगळ्या साइझमध्ये असे पॅटर्न विकायला आणले आणि घरच्या शिवणयंत्राला त्यामुळे खरे काम मिळाले. पॅटर्नवरून दोन-तीन स्कर्ट शिवल्यावर त्यातील आकडे आपल्याला पाठ होतील आणि मग हवे तर कागद बाजूला ठेवावा. एवढे मात्र लक्षात असू द्यावे, की पॅटर्नवरील साइझचा क्रमांक आणि तयार कपड्यावरील क्रमांक यांचा संबंध नसतो. क्रमांक सोडून तक्त्यातील इंच वाचावेत, आणि या स्कर्टसाठी कंबरेपेक्षा नितंबांचे माप धरून साइझ निवडावा, कारण कंबर इलॅस्टिक सांभाळून घेते.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे आणि आईच्या मशीनवर स्कर्ट शिवते आहे. नेफ्यातून इलॅस्टिक ओवताना सेफ्टी पिन प्रत्येक वेळी बाजूच्या शिवणीपाशी अडकते. एकदा तर ती आतच उघडली. आणि ओवून झाल्यावर इलॅस्टिक आत गुंडाळले जाते. (एक विद्यार्थिनी, भांडुप)

उत्तर : तुझे वर्णन वाचूनच पिन कुठे अडकते ते डोळ्यांसमोर आले. बाजूच्या शिवणीच्या आतल्या दोन कडा नेफ्यात मोकळ्या राहिल्या आहेत आणि पिन त्यांच्या खालच्या खिशात शिरते. पुढे ढकलशील तसा तो खिसा आणखी घट्ट होतो. नेफा दुमडण्याआधी शिवण इस्त्रीने दोन्हीकडे उलगडून चपटी कर आणि वरच्या 3 इंचांत त्या दोन कडा कापडाला हाताने धावदोरा घालून टाचून टाक. एवढे केलेस की पिन त्यावरून सरकत जाईल. पिन मोठी आणि जाड घे, तिचे बंद टोक पुढे ठेव आणि तोंडावर चिकटपट्टीचा एक वेढा दे, म्हणजे ती आत उघडणार नाही. इलॅस्टिकचे दुसरे टोक नेफ्याच्या तोंडाशी दुसऱ्या पिनेने कापडाला अडकवून ठेवायला विसरू नकोस, नाहीतर शेवटच्या वळणावर तेही आत ओढले जाते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते.

इलॅस्टिक गुंडाळले जाण्याचे कारण बहुधा नेफ्याची रुंदी हे आहे. 1 इंच इलॅस्टिकला आतून सव्वा इंचापेक्षा मोठा नेफा दिला, तर त्याला कूस बदलायला जागा मिळते. वरच्या कडेचा पाव इंच आधी इस्त्रीने आत दुमड, मग सव्वा इंचाची घडी घाल आणि खालच्या कडेला अगदी लागून टीप मार. मागच्या बाजूला 2 इंच जागा उघडी ठेव आणि तिच्या दोन्ही टोकांना उलटी टीप घाल. इलॅस्टिक विकत घेताना ताणून पाहा : काही प्रकार ताणल्यावर रुंदीला आकसतात आणि तेच पुढे दोरीसारखे वळतात; विणीचे, थोडे कडक आणि ताणूनही रुंदी न सोडणारे घे. दुप्पट ताणून सोडल्यावर ते झटकन मूळ लांबीवर यायला हवे. आईच्या डब्यात वर्षानुवर्षे पडलेले इलॅस्टिक वापरू नकोस. उष्णतेने आणि हवेने त्यातले रबर मरते. ताणलेस तर आतून बारीक करकर ऐकू येते आणि ते लांबच राहते.

लांबी ठरवताना कंबरेच्या मापातून 3 इंच वजा कर आणि टोके एकावर एक ठेवायला 1 इंच मिळव. तुझी कंबर 28 असेल, तर 26 इंच काप. परंतु लगेच शिवू नकोस. टोके पिनेने जोडून स्कर्ट घाल, जमिनीवर मांडी घालून बस, जेवून घे, तासभर वावर. कंबरेवर लाल वळ उमटला तर अर्धा इंच सोड, खाली सरकला तर अर्धा इंच घे. मग टोके एकावर एक ठेवून चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मार. साध्या मशीनवर हीच पक्की पडते. तोंड शिवून झाले, की चुण्या सगळीकडे सारख्या पसरव आणि बाजूच्या दोन्ही शिवणींवर, तसेच पुढे व मागे मध्यभागी, नेफ्यावरून इलॅस्टिकसह उभी टीप घाल. त्यानंतर ते आत वळू शकत नाही. हे सगळे नाडीच्या परकराचेच शास्त्र आहे. घरात आजी असतील तर त्यांना नेफा दाखव, त्या एका नजरेत चूक सांगतील.

प्रश्न : आईची एक सुती काठाची साडी आहे. तिचा स्कर्ट करावासा वाटतो, परंतु कात्री चालवायला मन धजत नाही. काठ खालीच यावा अशी इच्छा आहे. (एक वाचक, दादर)

उत्तर : मन धजत नाही हे अगदी स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच पहिले काम कात्रीचे नसून उजेडाचे आहे. साडी खिडकीपाशी धरून हाताच्या रुंदीइतकी पुढे सरकवत जावी. जेथे उजेड चाळणीसारखा दिसतो, तेथे धागा झिजला आहे. टाचेशी घासलेला खालचा काठ, कमरेत खोचला गेलेला भाग आणि कपाटात वर्षे काढलेल्या घडीच्या रेघा यांवर हे हमखास आढळते. अशा जागांवर खडूने खूण करावी आणि त्या वगळून सलग अडीच मीटर कुठे मिळतात ते पाहावे. साडेपाच मीटरच्या साडीत ते बहुधा मिळतात, आणि पदर तर अखंड उरतोच. साडी इरकल असेल, तर तिच्या पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असून तो अंगाच्या ताण्याला मागावरच जोडलेला असतो. तो जोड स्कर्टच्या ताण येणाऱ्या भागात घेऊ नये.

फॉल लावलेला असेल, तर तो आधी उसवून काढावा, कारण त्याचे कापड वेगळे आटलेले असते आणि काठाला सुरकुत्या पाडते. काठ खाली ठेवला, की एक फायदा आणि एक बदल होतो. फायदा असा, की किनार उसवत नाही आणि खाली दुमड घालावीच लागत नाही. बदल असा, की साडीचा उभा धागा आता आपल्या अंगाभोवती आडवा फिरतो. पॅटर्नवरील बाण मात्र उभ्या धाग्याची दिशा वरून खाली दाखवतो. खाली रुंदावणाऱ्या कळ्यांच्या पॅटर्नसाठी ही अदलाबदल करू नये. त्याची खालची कड वक्र असते आणि सरळ काठ तिच्यावर बसणारच नाही. सरळ आयताच्या, चुण्यांच्या स्कर्टला मात्र ती चांगली मानवते, कापड किंचित उभारून पडते एवढेच. लांबी काठापासून वर मोजावी, त्यात केवळ नेफ्याचा दीड इंच मिळवावा आणि जास्तीचे वरून कापावे. अडीच मीटरच्या सलग तुकड्याला मागे एकच शिवण येते, आणि ती घालताना काठाची नक्षी जुळेल अशी एक-दोन इंचांची तडजोड करावी. जुन्या सुती कापडाला 11 नंबरची बारीक सुई वापरावी आणि नेफ्याच्या आत मलमलीची पट्टी ठेवावी, कारण रोजचा ताण तेथेच येतो.

प्रश्न : लोकलच्या प्रवासात मोबाइल आणि पास ठेवायला खिसा हवा. तो इलॅस्टिकच्या स्कर्टला चालेल का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : चालेल, परंतु तो नुसता बाजूच्या शिवणीत लोंबता ठेवू नये, मोबाइलच्या वजनाने शिवण खाली ओढली जाते. खिशाचे तुकडे उंचीने इतके वाढवून कापावेत, की त्यांची वरची कड नेफ्याच्या घडीत शिवली जाईल. मग वजन कंबर पेलते. हाताचे तोंड नेफ्याच्या खाली अडीच इंचांवर सुरू करून 6 इंचांचे ठेवावे, आणि खिशासाठी स्कर्टचेच किंवा त्याहून मजबूत सुती कापड घ्यावे.

प्रश्न : चुण्यांपाशी दोरा वारंवार तुटतो. (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : सुई बदलून 14 नंबरची घालावी, दोरा वरपासून पुन्हा ओवावा आणि मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचललेला असतानाच ओवावा. एवढ्याने बहुतेक वेळा काम होते.

प्रश्न : पॅटर्नप्रमाणेच कापूनही माझ्या स्कर्टची खालची कड मागे वर आणि पुढे खाली दिसते. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : कापणी बरोबर असूनही असे होते, कारण पॅटर्न सरासरी बांध्याचा असतो आणि नितंबांवरून जाताना मागचे कापड अधिक वाट चालते. शिवाय कळ्यांच्या स्कर्टमध्ये बाजूच्या शिवणी तिरक्या धाग्यावर येतात आणि तिरका धागा स्वतःच्या वजनाने लांबतो. म्हणून नेफा पूर्ण करून स्कर्ट हँगरला लावून एक रात्र तसाच टांगून ठेवावा. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या चपला घालून सरळ उभे राहावे आणि घरातील कोणाला तरी लाकडी फूटपट्टी जमिनीवर उभी धरून, त्याच उंचीवर स्कर्टभोवती दर 3 इंचांनी खडूची खूण करायला सांगावे. खूण करणाऱ्याने आपल्याभोवती फिरायचे. आपण वळायचे नाही आणि खाली वाकून पाहायचेही नाही, कारण मान वाकली की मागची कड लगेच उचलली जाते. खुणा जोडून रेघ आखावी, त्याखाली 2 इंच ठेवून उरलेले कापावे आणि मग दुमड घालावी. मागे अर्धा ते पाऊण इंच कापड अधिक राहिलेले दिसेल, ते तसेच राहू द्यावे.